कुकी टिकली, पण ओळख पटली नाही

एका संकेतस्थळाच्या पानात दुसऱ्याच कंपनीची ऑनलाइन परीक्षा चौकटीत, म्हणजे आयफ्रेममध्ये, बसवलेली असते. त्या कंपनीच्या साइटवर आपण आधीच लॉगिन केलेलं असतं, तरी चौकट पुन्हा लॉगिन मागते. पासवर्ड बरोबर दिला तरी फिरून तेच पान. पासवर्डचा इथे काही दोष नसतो. आपली ओळख लक्षात राहावी म्हणून साइट ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवते, ती कुकी. ब्राउझरने थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटची नसून चौकटीतल्या दुसऱ्याच साइटची कुकी, अडवलेली असते आणि चौकटीला ते कळलेलंच नसतं.

कुकी १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मोन्टुली यांनी आणली. पुढे जाहिरातदारांनी लोकांचा माग काढायला तिचा इतका वापर केला की ब्राउझरांना दारं लावावी लागली. ॲपलचा सफारी ब्राउझर मार्च २०२०पासून थर्ड-पार्टी कुकी सरसकट अडवतो. क्रोमने त्या बंद करायचं २०२०मध्ये जाहीर केलं आणि २०२४मध्ये माघार घेतली. तरी त्याच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीत त्या मुळातच बंद असतात. त्यामुळे ब्राउझरच्या नावावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, चाचणीच घ्यावी लागते.

नेहमीची चाचणी सोपी आहे. दुसऱ्या डोमेनवरचं, म्हणजे वेगळ्या वेबपत्त्यावरचं, छोटंसं पान अदृश्य चौकटीत उघडायचं. ते एक कुकी लिहितं, लगेच वाचून बघतं आणि निकाल 'पोस्टमेसेज' या चौकटीतून निरोप धाडायच्या सोयीने बाहेर कळवतं, कारण बाहेरच्या पानाला आत डोकावता येत नाही. कुकीवर 'सेमसाइट=नन' (दुसऱ्या साइटच्या पानातही चालेल) आणि 'सिक्युअर' (फक्त सुरक्षित जोडणीवरून जाईल) हे शिक्के हवेत, नाहीतर चाचणी स्वतःच्याच चुकीने नापास होते. निरोप आलाच नाही, तर कुकी बंद आहे असंही समजू नये. नेट मंद असेल किंवा जाहिरातरोधकाने चौकटच उडवली असेल.

खरी गोम फायरफॉक्समध्ये आहे. २०२२पासून तो आपण उघडलेल्या प्रत्येक साइटसाठी कुकींची वेगळी बरणी ठेवतो. चौकटीने लिहिलेली कुकी तिला परत मिळते, चाचणी पास होते, पण लॉगिनची कुकी परीक्षेच्या मूळ साइटच्या, म्हणजे दुसऱ्याच बरणीत असते! म्हणून कुकी टिकते का, एवढं विचारून भागत नाही. मूळ साइटवर लिहिलेली कुकी चौकटीत दिसते का, हे विचारायला हवं. लॉगिनच्या वेळी मूळ साइटवर एक खूण ठेवावी आणि चौकटीत तीच शोधावी. किंवा 'हॅजस्टोरेजॲक्सेस' या सोयीने थेट ब्राउझरलाच विचारावं.

उत्तर नकारार्थी आलं तर 'रिक्वेस्टस्टोरेजॲक्सेस'ने परवानगी मागता येते, मात्र सहसा वापरकर्त्याने चौकटीत क्लिक केल्यावरच. तेव्हा तिथे एक बटण हवं. माझं मत विचाराल तर शेजारी 'नव्या टॅबमध्ये उघडा' अशी साधी लिंकही द्यावी. तिथे ती साइट स्वतःच्याच पत्त्यावर असते, आणि थर्ड-पार्टीचा प्रश्नच उरत नाही.