डोक्याला मार, देवाला गाऱ्हाणं: थोडी पार्श्वभूमी

कोकणात डोक्याला मार लागायचे प्रकार जवळपास ठरलेले आहेत. मे महिन्यात शाकारणीला छपरावर चढलेला माणूस कौल सरकून खाली येतो, आंबे काढताना फांदी मोडते, कोणी माडावरून पडतो, आणि बाकीचे सगळे हायवेवर, बाइकवर, हेल्मेट घरी खुंटीला. मग घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, एकजण अँब्युलन्समध्ये बसतो आणि दुसरा नारळ घेऊन देवळात जातो. याला लगेच अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणारे खूप आहेत पण हे असं का, ते बघायला जरा मागे जावं लागतं.

पहिलं कारण अंतर. तळकोकणातला पेशंट गोव्यात बांबोळीला न्यायचा, रत्नागिरीकडचा घाट चढून कोल्हापूर-मिरजेला नाहीतर थेट मुंबईला, केईएम किंवा सायन. बांबोळीच्या कॉलेजचं मूळ १८४२ सालचं, पोर्तुगीजांच्या वेळचं, मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं, पण तिथे पोचूनही कवटीच्या आत काय झालंय ते नीट कळायची सोय तेव्हा जगातच नव्हती. सीटी स्कॅन पहिल्यांदा पेशंटवर झाला तो १९७१ ला, लंडनमध्ये. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, १०८ ची अँब्युलन्स आली २०१४ ला. म्हणजे आमच्या आजोबांच्या वेळी बेशुद्ध माणसाला माजघरात निजवून वाट बघायची, बस्स.

त्या वाट बघण्यात करण्यासारखं जे होतं ते गाऱ्हाणं. गुरव किंवा गावकर देवासमोर उभा राहतो, 'बा देवा म्हाराजा' अशी सुरुवात, रवळनाथ, सातेरी, वेतोबा, सीमेवरचा राखणदार सगळ्यांची नावं घेतो, कोणाचं काय चुकलंमाकलं असेल ते पदरात घे म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचे लोक एका सुरात 'होय म्हाराजा'. यातला 'होय म्हाराजा' मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुखणं एका घराचं असतं आणि होकार सगळी वाडी देते, आणि तीच माणसं नंतर डबे पोचवतात, रक्त द्यायला येतात, रात्री हॉस्पिटलात झोपायला जातात. कोणी कौल लावतात, म्हणजे देवालाच विचारतात, उजवा, म्हणजे होकाराचा, पडला की घरात दोन घास तरी गिळले जातात.

आता डॉक्टरांची बाजू. १९७४ ला ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोघांनी बेशुद्धी मोजायची एक साधी रीत काढली, ग्लासगो कोमा स्केल, म्हणजेच जीसीएस, डोळे उघडण्याला ४ पर्यंत मार्क, बोलण्याला ५, हालचालीला ६, म्हणजे कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. आजही आयसीयूबाहेर नातेवाईक 'आज जीसीएस किती' असंच विचारतात, अगदी दहावीचा निकाल विचारावा तसं. आणि गंमत बघा, नवसही तसेच पायरीपायरीने पुढे जातात: आधी नुसता जीव वाचू दे, मग डोळे उघडू दे, मग मला ओळखू दे, मग स्वतःच्या हाताने जेवू दे.

पण आकडा म्हणजे भविष्य नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, पुढे मंदावते, तरी अगदी थांबतेच असं नाही, म्हणून चांगला डॉक्टर सुरुवातीला छातीठोक काही सांगत नाही. २००६ मध्ये तर एका बाईला, जी अपघातानंतर काहीच प्रतिसाद देत नव्हती, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर म्हटलं आणि स्कॅनमध्ये तिचा मेंदू धडधाकट माणसासारखाच चालताना दिसला! अशी उदाहरणं घरच्यांच्या कानावर आली की आशा सोडा म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. दुसऱ्या बाजूला केईएमच्याच नर्स अरुणा शानबाग, १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत केईएममध्येच, बऱ्या झाल्या नाहीत, पण तिथल्या नर्सेसनी शेवटपर्यंत सांभाळलं, आणि दयामरणाची याचिका कोर्टात गेली तेव्हा त्या विरोधात उभ्या राहिल्या.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. माणूस चालतो, जेवतो, पण शांत होता तो आता ताट भिरकावतो, बायकोला नको ते बोलतो. मेंदूचा पुढचा भाग दुखावला की स्वभाव बदलतो हे डॉक्टरांना फिनियस गेजपासून माहीत आहे, अमेरिकेतला रेल्वेचा मुकादम, १८४८ ला लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेली तरी जगला पण ओळखीचे म्हणाले हा तो नव्हेच. आपल्याकडे अशा वेळी 'बाधा झाली' म्हणतात आणि भूत उतरवणारे घाडी, देवरुषी सुरू होतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण हा गुन्हा झाला, ते बरंच झालं, पण खरा धोका कधी कधी गुपचूप असतो: अंगारा लावला, आता कशाला म्हणून झटक्यांची, म्हणजे फिटची, गोळी बंद, आणि गोळी अशी अचानक तोडली की झटके परत येतात. आमच्याकडचे एक म्हातारे गुरव अंगारा देतानाच दम भरतात, 'गोळी चुकवलंस तर माझ्याकडे येव नको.'