वेल्सच्या किनारी समुद्रातील चार्टर बोटीची मासेमारी : वसंतारंभाचा हंगाम

परवानाधारक चालकासह पूर्ण बोट भाड्याने घेऊन, किंवा एकेक जागेचे पैसे भरून जमलेल्या मंडळींनी मिळून, दिवसभर समुद्रात गळाने मासे पकडण्याच्या छंदाला ब्रिटनमध्ये चार्टर बोटीची मासेमारी म्हणतात. वेल्समध्ये हा व्यवसाय दक्षिणेकडील कार्डिफ व पेनार्थपासून स्वॉन्झी, सॉन्डर्सफुट, टेन्बी, मिलफर्ड हेवन, अ‍ॅबरिस्टविथ, बार्मथ, पुल्हेली आणि हॉलीहेड अशा बंदरांमधून थेट ईशान्येच्या कॉन्वी आणि रिलपर्यंत चालतो. प्रस्तुत नोंद फेब्रुवारीच्या अखेरीपासून साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या काळाविषयी आहे. उन्हाळ्यातील सहलींच्या तुलनेत या दिवसांत ग्राहक कमी आणि रद्द होणाऱ्या फेऱ्या अधिक असल्या, तरी मासे, भरती-ओहोटी आणि हवामान यांची चालकाला असलेली जाण याच काळात सर्वाधिक कसाला लागते.

१ मार्च हा वेल्सचे संरक्षक संत डेव्हिड यांचा दिवस. या सुमारास जमिनीवर डॅफोडिल फुललेले असतात आणि दिवस झपाट्याने मोठा होत असतो. समुद्र मात्र अजून हिवाळ्यातच असतो. पाणी जमिनीपेक्षा फार सावकाश तापते व निवते, त्यामुळे वेल्सभोवतालच्या समुद्राचे तापमान फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षातील नीचांकावर, म्हणजे बहुतेक ठिकाणी ६ ते ९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. कार्डिगनचा उपसागर आणि उत्तर किनाऱ्यासमोरचा उथळ समुद्र अधिक गार पडतो. अटलांटिकचे पाणी येऊन भिडते तो पेम्ब्रुकशरचा पश्चिम टोकाकडील भाग त्या मानाने उबदार राहतो. बांगड्याचा अटलांटिकमधील नातलग असलेला मॅकरेल, टोप ही मोठी मुशी आणि स्मूथहाउंड ही लहान मुशी हे उन्हाळ्याचे पाहुणे अजून परतलेले नसतात. दुसरीकडे कॉड, प्लेस, पोलॅक यांसारखे मासे अंडी घालण्यासाठी खोल किंवा ठरावीक जागी गेलेले असतात, किंवा अंडी घालून कृश झालेले असतात. एक फळी निघून गेली आणि दुसरी यायची आहे, अशा या मधल्या काळात बोट कोठे न्यायची हा प्रश्न सोपा नसतो.

त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर भरती-ओहोटी देते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला कोकण किनाऱ्यावर उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या मंद भरतीला भांग म्हणतात. वेल्समधील चार्टर चालकाचे वर्षाचे वेळापत्रक याच दोन शब्दांत मांडता येते. ब्रिस्टल खाडीच्या मुखाकडून आत जावे तसा किनारा दोन्ही बाजूंनी आवळत जातो, त्यामुळे आत शिरणारे पाणी उंच चढते आणि खाडीच्या आतल्या टोकाशी उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळीतील फरक १४ मीटरपर्यंत जातो. जगातील सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी ही एक आहे. कार्डिगनच्या उपसागरात हाच फरक सुमारे ४ ते ५ मीटर असतो. त्यात २० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात, तेव्हाची उधाणे वर्षातील मोठ्या उधाणांत मोडतात. अशा दिवशी कार्डिफसमोर ओढ इतकी जोरदार असते की गळाला बांधलेले जड शिसेही तळाला टिकत नाही आणि पाणी थांबल्याच्या थोड्याशा अवधीतच मासेमारी होऊ शकते. म्हणून खाडीतील जाणकार मंडळी मार्चच्या फेऱ्या भांगाच्या दिवसांत धरतात. अर्थात भांग असले म्हणजे मासे मिळतातच असे नाही. पाणी अगदीच मंदावले की आमिषाचा वास दूरवर पसरत नाही आणि पाकटासारखा वासावर येणारा मासा बोटीपर्यंत पोहोचत नाही. उधाण ओसरून भांग लागण्याच्या मधले दिवस अनेकांना सर्वांत चांगले वाटतात, ते यामुळे.

भरतीचा अंमल बंदरातूनच सुरू होतो. टेन्बी व सॉन्डर्सफुट ही बंदरे ओहोटीला कोरडी पडतात आणि बोटी वाळूवर टेकतात. तेथून निघायची आणि परतायची वेळ पाणी ठरवते. १९९९ साली पूर्ण झालेल्या कार्डिफ उपसागराच्या बांधामागे पाण्याची पातळी स्थिर ठेवलेली असल्याने तेथील बोटी जलपाशांमधून, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या कोठ्यांमधून, केव्हाही बाहेर पडू शकतात, आणि ही सोय तेथील व्यवसायाला फार उपयोगी ठरली आहे.

ब्रिस्टल खाडीचे पाणी गाळाने तपकिरी झालेले असते. तेथे मासा डोळ्यांपेक्षा वासावर आणि कंपनांवर शिकार करतो, म्हणून आमिष भरपूर आणि ताजे लावावे लागते. ओढ जोरदार असल्यामुळे येथे एक विशिष्ट पद्धत रुजली आहे. नांगरलेल्या बोटीच्या मागे गळ सोडला तर प्रवाह तो उचलून नेतो. त्याऐवजी बोटीच्या बाजूने, प्रवाहाच्या उलट दिशेला गळ लांब फेकतात. शिशाला तारांचे आकडे असतात व ते तळात रुततात. दोर मुद्दाम सैल सोडून पाण्यात त्याचा मोठा बाक होऊ देतात, आणि त्या बाकावरील प्रवाहाचा दाब शिशाला अधिक घट्ट रोवतो. माशाने आमिष ओढताच आकडे सुटतात आणि ताणलेला दोर एकाएकी ढिला पडतो. नवख्याला हे काहीच न घडल्यासारखे वाटते, पण मासा लागल्याची खूण हीच असते. ही पद्धत १९७०च्या दशकात इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर घडली आणि पश्चिमेकडील या खाडीत ती जणू येथल्यासाठीच केल्यासारखी बसली. उथळ पाण्यात बोटीच्या आवाजाने बुजणारा मासाही तिने हाती येतो, हा तिचा आणखी एक फायदा.

या पाण्यातील वसंताची चाहूल देणारा मासा म्हणजे थॉर्नबॅक, पाठीवर काटे असलेली पाकट. हिवाळा खोल पाण्यात काढून ती मार्चपासून किनाऱ्याकडे सरकते. मोठ्या माद्या आधी येतात, कारण पुढील महिन्यांत त्यांना उथळ पाण्यात चामड्यासारख्या पिशव्यांतून अंडी सोडायची असतात. पोर्थकॉल व स्वॉन्झीसमोरच्या वाळूच्या दांड्यांवर तिच्या जोडीने बारीक डोळ्यांची पाकट सापडते, आणि ब्रिस्टल खाडी ही तिच्यासाठी प्रसिद्ध असलेली जागा आहे. याखेरीज व्हायटिंग, डॅब नावाचा छोटा लेपा, वामेसारखा दिसणारा पण अवाढव्य वाढणारा काँगर, आणि ठिपकेदार छोटी मुशी, जिला तेथे डॉगफिश म्हणतात, हे मासे या काळात हमखास असतात. अनेक गळकरी या डॉगफिशला कंटाळतात. वास्तविक गारठ्याच्या दिवशी, इतर काही मिळत नसताना, बोटीवरच्या लहान मुलाला पहिला मासा तीच मिळवून देते आणि तिची अवहेलना अन्याय्य आहे.

पेम्ब्रुकशरचा किनारा खडकाळ आणि पाणी स्वच्छ आहे. स्कोमर, स्कोखोम व रॅम्झी या बेटांभोवती ओढ तीव्र असते आणि तळाशी खडकांचे उंचवटे आहेत. तेथे बोट नांगरून काँगर व बुल हस ही मोठी मुशी, आणि वाहत्या बोटीवरून पोलॅक पकडतात. स्कोमरभोवतालचा समुद्र १९९० पासून संरक्षित आहे. मिलफर्ड हेवनच्या दीर्घ खाडीत मात्र वाऱ्याच्या दिवशीही आसरा मिळतो. या खाडीच्या वरच्या, क्लेदाय नदीच्या अंगाला हेरिंगचा एक स्थानिक समूह हिवाळ्याच्या अखेरीस अंडी घालायला येतो; लँगम गावातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर जगली.

कार्डिगनच्या उपसागरात बर्फयुगातील हिमनद्यांनी टाकलेल्या दगडगोट्यांच्या लांबच लांब रांगा समुद्रात शिरलेल्या आहेत. त्यांना सार्नाउ म्हणतात. सार्न बाद्रिग ही त्यांतील सर्वांत मोठी रांग मोठ्या ओहोटीला पाण्याबाहेर डोकावते आणि तेथे बुडालेल्या कांत्रेर ग्वाएलोद या राज्याची दंतकथा तिच्याशी जोडलेली आहे. मार्चमध्ये अनेकदा वाहणारा पूर्वेचा वारा बोचरा असला, तरी येथे तो जमिनीवरून येतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी निवांत ठेवतो. नैऋत्येचा वारा मात्र अटलांटिकवरून मोकळा येतो आणि त्याने आठवडाभराच्या फेऱ्या रद्द होऊ शकतात.

उत्तरेला अँगलसी बेटाच्या पश्चिमेस हॉलीहेडपासून काही मैलांवर समुद्र ८० मीटरहून खोल जातो. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत येथे स्पर्डॉग ही काटेरी मुशी थव्यांनी असते. तिच्या दोन्ही पृष्ठपरांपुढे एकेक तीक्ष्ण, किंचित विषारी काटा असतो, त्यामुळे ती हाताळायची रीत चालक फेरीच्या आरंभीच दाखवतो. मादी पिल्ले पोटात सुमारे दोन वर्षे वाढवते. पृष्ठवंशी प्राण्यांत इतका लांब गर्भकाळ क्वचितच आढळतो, आणि एवढ्या सावकाश वाढणाऱ्या माशाला बेसुमार जाळेमारी सोसवत नाही, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. २०१० नंतरच्या दशकात तिचा व्यावसायिक कोटा शून्यावर आणला गेला आणि साठा सावरल्याचे दिसल्यावर २०२३ मध्ये मर्यादित प्रमाणात तो पुन्हा दिला गेला. हॉलीहेडच्या बोटींवर ती बहुतेक वेळा जिवंत परत सोडली जाते. वारा फारच असेल तर बोटी मेनाई सामुद्रधुनीत उतरतात. तेथे दोन्ही तोंडांनी भरती शिरते. १८२६चा झुलता पूल आणि १८५० मध्ये बांधलेला ब्रिटानिया पूल यांमधला भाग भोवऱ्यांसाठी कुप्रसिद्ध आहे, परंतु त्याच्या बाहेर पाकट, प्लेस आणि बुल हस आडोशाने मिळतात.

बुडालेली जहाजे हा चार्टर चालकाचा जपून ठेवलेला ठेवा होय. लिव्हरपूलकडे जाणाऱ्या जलमार्गावर दोन्ही महायुद्धांत जर्मन पाणबुड्यांनी असंख्य जहाजे बुडवली. सपाट वाळूच्या तळावर लोखंडाचा असा ढीग पडला की त्याला शेवाळ, शिंपले व खेकडे धरतात आणि मोठे मासे आसऱ्याला येतात. बँगर विद्यापीठाच्या ‘प्रिन्स मॅडॉग’ या संशोधन जहाजाने आयरिश समुद्रातील २७३ अवशेषांचे ध्वनिलहरींनी सर्वेक्षण केले. त्यातूनच टायटॅनिकला हिमनगांचा इशारा पाठवणाऱ्या आणि १९१८ साली बुडालेल्या ‘मेसाबा’ची ओळख २०२२ मध्ये जाहीर झाली.

तथापि वसंतारंभी अशा अवशेषांवर मासेमारी करावी का, हा प्रश्न गंभीर आहे. याच सुमारास पोलॅक तेथे अंडी घालण्यास जमतो. पोलॅक आणि कॉड यांच्या पोटात हवेची पिशवी असते. खोलातून वर ओढताना ती फुगते आणि मासा परत सोडला तरी तळाला जाऊ शकत नाही. मुशी व पाकटांना ही पिशवी नसते, म्हणून त्या सोडल्यावर सहसा जगतात. ‘पकडा आणि सोडा’ हा नियम सर्व माशांना सारखाच हितकारक आहे असे समजणे चूक आहे. पोलॅकचा साठा इतका घटला की २०२४ पासून पश्चिमेकडील समुद्रात त्याची खास व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. कॉडची कथा त्याहून दुःखद आहे. वेल्श भाषेत त्याला पेनव्रास, म्हणजे मोठ्या डोक्याचा, असे नाव आहे, आणि एके काळी ब्रिस्टल खाडीतील हिवाळी फेऱ्यांचा सारा आधार तोच होता. आयरिश समुद्रात त्याच्या अंडी घालण्याच्या जागी २००० सालापासून वसंतात बंदी घातली गेली, तरी साठा पूर्वपदावर आला नाही. अतिमासेमारी आणि तापणारे पाणी ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

बोटीविषयीचे नियम कडक आहेत. व्यावसायिक प्रमाणपत्र असलेल्या छोट्या बोटीवर जास्तीत जास्त १२ प्रवासी घेता येतात. चालकाला सागरी पात्रतेचे प्रशस्तिपत्र, वैद्यकीय दाखला आणि रेडिओ चालवण्याचा परवाना लागतो. बंदरापासून किती मैल दूर जाता येईल हेही प्रमाणपत्रात नमूद असते. नदी-तलावांत गळ टाकण्यास परवाना लागतो, समुद्रात मात्र गळकऱ्याला तो लागत नाही. परंतु छंद म्हणून पकडलेला मासा विकता येत नाही. सी बासची किमान लांबी ४२ सेंटिमीटर ठरलेली असून किती मासे आणि कोणत्या महिन्यांत ठेवता येतील हे वेळोवेळी नव्याने जाहीर होते. त्याच्या विणीच्या काळाला जपण्यासाठी हिवाळ्याच्या अखेरीस तो सोडून द्यावा लागतो. २०१० पासून वेल्समधील किनारी मत्स्यव्यवसायाचे नियमन वेल्स सरकारकडे आहे.

या समुद्राने वसंतात आणि वसंताच्या तोंडावर मोठे आघातही पाहिले आहेत. २३ एप्रिल १९४७ रोजी ‘साम्टाम्पा’ हे जहाज पोर्थकॉलजवळ खडकांवर आदळले आणि त्याच्या मदतीला निघालेल्या मम्बल्सच्या जीवरक्षक नौकेवरील आठही जण बुडाले. एप्रिलमधील वादळाला कमी लेखू नये, हे त्या किनाऱ्यावर आजही सांगितले जाते. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘सी एम्प्रेस’ हे तेलवाहू जहाज मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी खडकावर चढले आणि सुमारे ७२,००० टन कच्चे तेल समुद्रात गेले. मासेमारीवर बंदी आली, ती टप्प्याटप्प्याने उठली.

चालकांचा अनुभव आता संशोधनाच्याही कामी येतो. एंजल शार्क हा वाळूत दडून बसणारा, पाकटासारखा चपटा मासा जगभर नष्ट होण्याच्या मार्गावर आहे. वेल्सच्या समुद्रात तो अजून टिकून आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या संशोधन प्रकल्पात किनाऱ्यावरील मच्छीमार आणि चार्टर चालक यांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे व नोंदी गोळा केल्या गेल्या, आणि त्यांतून या माशाच्या वावराचा नकाशा आकाराला आला. तो चुकून गळाला लागला तर बोटीवर न घेता पाण्यातच दोर कापून सोडावा, असा सल्ला दिला जातो.

एप्रिलच्या मध्यानंतर पाणी १० अंशांकडे सरकू लागते. मऊ कवचाचे खेकडे आमिषासाठी मिळू लागतात, त्यांच्यामागे स्मूथहाउंड येतात, आणि पेम्ब्रुकशरच्या बेटांवर पफिन पक्षी परतलेले असल्याने अनेक बोटी गळाऐवजी पक्षी पाहणाऱ्यांना घेऊन निघतात. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या (वनस्पतिप्लवकांच्या) वाढीने पाणी काही आठवडे हिरवट-गढूळ होते. ते निवळते तेव्हा मॅकरेलचे थवे आलेले असतात.