स्वयंआरंभ (विंडोज)

स्वयंआरंभ : वापरकर्त्याने लॉग-इन करताच ठरावीक प्रोग्रॅम आपोआप चालू करण्याची संगणकातील व्यवस्था. बोलण्यात ‘स्टार्टअप’ हाच शब्द रूढ आहे. प्रस्तुत नोंद मायक्रोसॉफ्ट विंडोजमधील या व्यवस्थेविषयी, आणि विशेषतः नको असलेला प्रोग्रॅम किंवा फोल्डर दर वेळी समोर येण्याच्या दोषाविषयी आहे.

उगम : या व्यवस्थेचे मूळ कोठे धरावे याबाबत एकवाक्यता नाही. सामान्यतः एमएस-डॉसमधील ऑटोएक्झेक.बॅट या फाइलीकडे बोट दाखवले जाते. युनिक्सच्या अभ्यासकांचा कल ते आणखी मागे, निदान १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील ‘.प्रोफाइल’ फाइलीपर्यंत, नेण्याकडे असतो. मात्र ऑटोएक्झेक.बॅट ही यंत्राची फाइल होती; कोणी लॉग-इन करण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. त्यामुळे विंडोजपुरते पाहता विन.इनी या विंडोजच्या मांडणीच्या फाइलीतील ‘लोड=’ आणि ‘रन=’ या दोन ओळी अधिक जवळच्या पूर्वज ठरतात. ‘लोड’मधील प्रोग्रॅम आयकॉनच्या रूपात, तर ‘रन’मधील खिडकीसह उघडत. विंडोज ३.१ (१९९२) मध्ये प्रोग्रॅम मॅनेजरात (प्रोग्रॅमांचे आयकॉन दाखवणारी तेव्हाची मुख्य खिडकी) ‘स्टार्टअप’ हा गट आला. विंडोज चालू होताना शिफ्ट दाबून धरल्यास तो वगळता येई. विंडोज ९५ मध्ये या गटाचा स्टार्ट मेनूतील फोल्डर झाला आणि रजिस्ट्रीतील (विंडोजच्या मांडणीची माहिती साठवणारा कोश; त्यातील कप्प्याला ‘की’ व कप्प्यातील नोंदीला ‘व्हॅल्यू’ म्हणतात) ‘रन’ व ‘रनवन्स’ या की रुळल्या. जुन्या दोन ओळी मात्र पुरत्या गेल्या नाहीत. विंडोज एनटी व तिच्या पुढील आवृत्त्यांच्या परंपरेत त्या वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीतील ‘लोड’ व ‘रन’ या व्हॅल्यूंकडे वळवण्यात आल्या. शोध घेताना हे ठिकाण बहुधा विसरले जाते.

नोंदींची ठिकाणे : स्टार्टअप फोल्डर दोन असतात, एक चालू वापरकर्त्याचा आणि एक सर्वांचा. विंडोज की व आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘शेल:स्टार्टअप’ व ‘शेल:कॉमन स्टार्टअप’ हे आदेश रोमन लिपीत दिले की ते उघडतात. ‘रन’ की वापरकर्त्याच्या व यंत्राच्या अशा दोन्ही शाखांत असते; ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट प्रोग्रॅमांसाठी ‘वाउ६४३२नोड’खाली तिची तिसरी जागा आहे. ‘रनवन्स’मधील नोंद आदेश चालण्यापूर्वीच पुसली जाते, नावाआधी उद्गारचिन्ह असेल तर आदेश पूर्ण झाल्यावर. याखेरीज टास्क शेड्यूलरमधील (ठरल्या वेळी कामे चालवणारे साधन) ‘लॉग-ऑन होताच’ चालणारी कामे, सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) आणि लॉग-इनची प्रक्रिया ठरवणाऱ्या विनलॉगऑन कीमधील ‘शेल’ व ‘यूझरइनिट’ या व्हॅल्यू आहेत.

विंडोज ९८ पासून या याद्या एमएसकॉन्फिग या साधनात दिसत. विंडोज ८ (२०१२) पासून त्या टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर गेल्या. तेथे ‘डिसेबल’ केल्याने मूळ नोंद पुसली जात नाही. ‘स्टार्टअपअप्रूव्ह्ड’ या वेगळ्या कीमध्ये तिची खूण राहते, आणि त्या खुणेचा पहिला बाइट चालू असताना बहुधा ०२, बंद असताना ०३ असतो. म्हणूनच बंद केलेले प्रोग्रॅम यादीत तसेच दिसत राहतात. शेड्यूलरमधील कामे व विनलॉगऑनच्या व्हॅल्यू या पानावर येतच नाहीत. ‘टास्क मॅनेजरात काही नाही, तरी उघडते’ ही तक्रार बव्हंशी येथून निघते. सर्व ठिकाणे एकत्र दाखवणारे साधन ऑटोरन्स होय. मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातील हे साधन २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आले. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय आधी निवडावा, म्हणजे यादी आटोक्यात येते. पिवळ्या ओळीतील नोंदीची फाइल जागेवर नसते. खूण काढली की नोंद निष्क्रिय होते व पुन्हा खूण केली की परत येते. पुसण्याची घाई करू नये.

फोल्डर आपोआप उघडणे : हा दोष प्रोग्रॅम उघडण्याहून निराळा समजावा. स्टार्टअप फोल्डरात एखाद्या फोल्डरचा शॉर्टकट चुकून पडलेला नसेल, तर अशा वेळी फोल्डर उघडण्याचा आदेश सहसा कोणी दिलेला नसतो; प्रोग्रॅमचा आदेश अपुरा किंवा मोडका असल्याने एक्सप्लोरर (डेस्कटॉप व फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) त्याचा तसा अर्थ लावतो. कोणता फोल्डर उघडतो यावरून शोधाची दिशा ठरते.

सिस्टम३२ हा विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा फोल्डर उघडत असल्यास ‘रन’ कीमध्ये नाव आहे पण मजकूर रिकामा, अशी व्हॅल्यू शोधावी. प्रोग्रॅम अर्धवट काढल्यावर ती मागे राहते. रिकाम्या आदेशामुळे चालू कार्यफोल्डरच उघडतो व त्या क्षणी तो सिस्टम३२ असतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते व ते पटण्याजोगे आहे.

डॉक्युमेंट्स उघडत असल्यास संशय ‘यूझरइनिट’ व ‘शेल’ यांवर घ्यावा. एक्सप्लोरर आधीच चालू असताना तो पुन्हा बोलावला गेला की फोल्डरची खिडकी उघडते. विंडोज एक्सपीच्या काळात ती माय डॉक्युमेंट्सची असे. ‘शेल’मध्ये केवळ एक्सप्लोरर.एक्सई एवढेच असावे. ‘यूझरइनिट’मध्ये सिस्टम३२ मधील यूझरइनिट.एक्सई चा पूर्ण पत्ता एकदाच, व शेवटी स्वल्पविराम असावा. एक्सप्लोरर.एक्सई पुढे दुसरे नाव जोडलेले दिसले तर ते घातक प्रोग्रॅमचे असण्याचा संभव मोठा. येथे हात घालण्यापूर्वी की एक्सपोर्ट करून ठेवावी, कारण ‘यूझरइनिट’ बिघडल्यास लॉग-इन होताच लगेच लॉग-ऑफ होते.

प्रोग्रॅम फाइल्सच्या आतील एखादा फोल्डर उघडत असल्यास कारण बहुतेक वेळा अवतरणचिन्हांचे असते. पत्त्यात मोकळी जागा असून त्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हे नसली, तर विंडोज पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा तुकडा प्रथम आजमावते, मग त्यापुढचा. त्या तुकड्याच्या नावाचा फोल्डर खरोखर असला तर तोच उघडू शकतो. ‘सी’ ड्राइव्हच्या मुळाशी ‘प्रोग्रॅम’ नावाची फाइल किंवा फोल्डर असल्यास तिचे नाव बदलण्याची सूचना देणारी चौकट याच जातीची. टास्क मॅनेजरच्या यादीत आयकॉनविना दिसणारी ‘प्रोग्रॅम’ ही नोंदही बहुधा तशीच. उपाय साधा : व्हॅल्यू उघडून .एक्सई पर्यंतचा पत्ता अवतरणचिन्हांत घालावा आणि स्लॅशने सुरू होणारे पर्याय बाहेर ठेवावेत. सगळाच आदेश चिन्हांत बंद केल्यास प्रोग्रॅम सापडत नाही.

मागील वेळी उघडे असलेले फोल्डरच परत येत असतील तर हा दोष नव्हे. फोल्डर ऑप्शन्समधील ‘व्ह्यू’ पानावर आधीच्या खिडक्या लॉग-ऑनला परत उघडण्याची खूण असते, ती काढावी.

इतर लक्षणे : नोटपॅडमध्ये ‘शेलक्लासइन्फो’ व शेल३२.डीएलएल, -२१७८७ असा मजकूर उघडणे हे व्हायरसचे लक्षण मानले जाते, पण तसे नाही. स्टार्टअप फोल्डरातील डेस्कटॉप.इनी या फाइलीचे ‘हिडन’ व ‘सिस्टम’ गुणधर्म गेलेले असतात. ॲट्रिब आदेशाने अधिक एस, अधिक एच असे दिले की ते परत येतात. दोन्ही स्टार्टअप फोल्डर तपासावेत. स्क्रिप्ट (आदेशांची फाइल) किंवा डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल) सापडत नसल्याची चौकट म्हणजे फाइल अँटिव्हायरसने उचलली, बोलावणारी ओळ राहिली. पेन ड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हीबीएस स्क्रिप्टनंतर असे हमखास दिसते. ब्राउझर जाहिरातीच्या पानासह उघडत असल्यास ‘रन’ की, टास्क शेड्यूलर आणि ब्राउझरच्या शॉर्टकटमधील ‘टार्गेट’ रकान्याचे शेपूट या तिन्ही जागा पाहाव्यात.

विंडोज १० च्या २०१७ मधील शरद अद्ययावतनापासून, बंद करताना चालू असलेले काही ॲप पुन्हा उघडू लागले. त्यांची नोंद कोणत्याही स्टार्टअप यादीत नसते. सेटिंग्जमधील अकाउंट्स, त्यातील साइन-इन ऑप्शन्स येथे हा पर्याय बंद होतो.

कोणती नोंद दोषी हे कळत नसल्यास अर्ध्या नोंदी बंद करून संगणक पुन्हा चालू करावा, दोष राहिला तर उरलेल्यांपैकी अर्ध्या बंद कराव्यात, गेला तर बंद केलेल्यांतच पुढे शोधावे. चाळीस नोंदी असल्या तरी सहा फेऱ्यांत उत्तर मिळते. सेफ मोडमध्ये (विंडोज केवळ आवश्यक भागांसह चालू होते ती अवस्था) ‘रन’ की वाचल्या जात नाहीत, तेव्हा दोष तेथेही दिसला तर शोध विनलॉगऑनकडे वळवावा.

इतर प्रणाली : मॅकओएसमध्ये लॉग-इन आयटम्स व लाँचएजंट्स आणि लिनक्सच्या डेस्कटॉपांत घरफोल्डरातील ‘.कॉन्फिग’खालचा ‘ऑटोस्टार्ट’ फोल्डर ही समांतर ठिकाणे होत.