पन्हळीखालची बादली: कॅमेऱ्यातून थेट डिस्कवर

गेल्या वर्षी गावच्या हरिनाम सप्ताहात काल्याचं कीर्तन चित्रित करायचं काम माझ्याकडे होतं. कॅमेऱ्याला केबलने एक टेराबाइटची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, जोडली होती. खोक्यावर वेग छापलेला होता सेकंदाला १००० मेगाबाइट, आणि मला लागणार होते जेमतेम १८४. तरीही सहाव्या मिनिटाला, महाराजांनी अभंगाचं दुसरं चरण नुकतं घेतलं असताना, रेकॉर्डिंग आपोआप बंद पडलं. घरी येऊन लॅपटॉपवरून त्याच डिस्कवर एक मोठी फाइल टाकून पाहिली, तर ती सरसर गेली. डिस्क धडधाकट होती. मग तिने मांडवातच दगा का द्यावा?

फाइल कॉपी करणं आणि रेकॉर्डिंग करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा उमगलं. कॉपी करताना डिस्क मध्येच दोन सेकंद मंदावली तर लॅपटॉप थांबतो, आपल्याला कळतही नाही. कॅमेऱ्याला थांबता येत नाही. सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घ्यायच्या असतील तर दर २० मिलिसेकंदांनी नवी फ्रेम तयार होणारच. पाऊस पडत असताना पन्हळीखालची बादली भरली, म्हणून पाणी थोडंच थांबतं?

त्या पाण्याचा जोर किती असतो ते पाहू. ४के चित्राच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. चांगल्या दर्जासाठी प्रत्येक बिंदूमागे सरासरी २० बिट (आठ बिटांचा एक बाइट) धरले, तर ५० फ्रेमना सेकंदाला हजार मेगाबाइटच्या वर माहिती होते. एवढी कोणी सहसा साठवत नाही. कॅमेरा ती दाबून लहान करतो. प्रोरेस ४२२ एचक्यू या पद्धतीत तिचे साधारण १८४ मेगाबाइट उरतात: मिनिटाला ११ जीबी, तासाला ६६३ जीबी. नेहमीचे मोबाइल व्हिडिओ याहून कितीतरी लहान असतात, कारण त्यांत बऱ्याचशा फ्रेमचा आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळा असलेला भागच नोंदवला जातो. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. त्यामुळे एडिटिंग सोपं होतं, पण साठवणीवर सगळा भार येतो. मेमरी कार्डं महाग पडतात आणि लवकर भरतात, म्हणून लोक केबलने डिस्क जोडतात. ब्लॅकमॅजिकच्या २०१८ च्या पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के मध्ये ही सोय होती. २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्ये तर ६० फ्रेमचं ४के प्रोरेस हवं असेल तर बाहेरची डिस्क लावावीच लागते.

कल्पना मात्र जुनी आहे. मिनीडीव्ही टेपच्या काळात तासाभराची टेप संगणकात उतरवायला तासच लागायचा. फायरस्टोअरसारखे छोटे हार्ड डिस्क रेकॉर्डर फायरवायर नावाच्या केबलने कॅमेऱ्याला जोडले की तो तास वाचत असे. त्या टेपवरच्या डीव्ही व्हिडिओचा एक तास म्हणजे सुमारे १३ जीबी, त्यामुळे ४० जीबीच्या डिस्कवर तीन तास मावायचे. सेकंदाला साडेतीन-चार मेगाबाइट झेलणं त्या डिस्कना मुळीच जड नव्हतं.

आता माझ्या बंद पडलेल्या एसएसडीकडे येतो. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. फ्लॅश मेमरीच्या अब्जावधी सूक्ष्म पेशींमध्ये विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. एका पेशीत एकच बिट ठेवायचा असेल तर भार आहे की नाही, एवढंच पाहावं लागतं, आणि लिहिणं झटपट होतं. पण स्वस्त डिस्कमध्ये एका पेशीत चार बिट बसवतात. त्यासाठी भाराच्या १६ वेगवेगळ्या पातळ्या नेमक्या साधाव्या लागतात, आणि ते थोडं थोडं भरत, तपासत करावं लागतं. त्याला वेळ लागतो. म्हणून डिस्क बनवणारे एक युक्ती करतात. रिकाम्या पेशींपैकी काही तात्पुरत्या एका बिटाच्या पद्धतीने वापरतात. बाजारातून आलेली पोती आधी ओसरीवर टाकायची आणि सवड मिळाली की कोठीत नीट रचायची, तसं. खोक्यावर छापलेला वेग या ओसरीचा असतो. ती भरली की डिस्कला पोती थेट कोठीत रचावी लागतात, आणि काही डिस्कचा वेग सेकंदाला शंभर मेगाबाइटच्याही खाली घसरतो.

माझी डिस्क जुन्या फुटेजने तीन चतुर्थांश भरलेली होती. उरले होते २५० जीबी. चार बिटांच्या पेशीत एकच बिट ठेवायचा म्हटलं, तर तेवढ्या जागेत फार तर ६२ जीबी मावतात. मिनिटाला ११ जीबी. सहावं मिनिट!

कॅमेऱ्यातही एक छोटं पिंप असतं, बफर नावाचं. डिस्क क्षणभर अडखळली तर फ्रेम तिथे थांबतात. पण समजा ते एक जीबीचं असलं, तरी या वेगाने साडेपाच सेकंदांत काठोकाठ भरेल. त्यानंतर कॅमेरा फ्रेम गाळतो किंवा सरळ थांबतो. त्यामुळे डिस्क निवडताना तिचा सर्वात जास्त वेग किती, हे मी आता पाहतच नाही. तिच्या सगळ्यात वाईट क्षणी ती किती वेगाने लिहिते, हेच बघायचं. आणि बघताना मेगाबिट की मेगाबाइट याकडे लक्ष ठेवायचं, दोन्हींत आठ पटींचा फरक आहे.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती अधिक मोहवते. अडीच इंची डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. तिच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास जातो. लिहिणारं टोक तिला स्पर्श न करता अवघ्या काही नॅनोमीटरवरून तरंगत असतं. आपला केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. टोकाला तरंगत ठेवते ती हवा. म्हणूनच साध्या हार्ड डिस्क सुमारे ३००० मीटर उंचीपर्यंतच वापरा असं बनवणारे सांगतात. कळसूबाई १६४६ मीटर, तिथे काळजी नाही. लेह मात्र साधारण ३५०० मीटरवर आहे. लडाखला कॅमेरा नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

या डिस्कचा वेगही सर्वत्र सारखा नसतो. बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त मजकूर मावतो, आतल्या बाजूला कमी. लिहायला सुरुवात सहसा बाहेरून होते, त्यामुळे डिस्क भरत जाते तसा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. आवाजही तिला सोसत नाही. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने चालू डिस्कच्या कप्प्यावर जोरात ओरडून दाखवलं, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कचा प्रतिसाद मंदावलेला स्पष्ट दिसला. हादऱ्याने टोक आपल्या मार्गावरून ढळतं आणि पुन्हा नेमक्या जागी येईपर्यंत फेरा वाया जातो. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. ढोल-ताशा पथकाच्या शेजारी उभं राहून अशा डिस्कवर रेकॉर्डिंग करायचं धाडस मी करणार नाही.

तिसरा धोका केबलचा, आणि माझ्या मते तोच सर्वात मोठा. व्हिडिओच्या एमओव्ही फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची यादी बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहिली जाते. त्याआधी कोणाचा पाय केबलमध्ये अडकला, तर फ्रेम डिस्कवर असतात पण यादी नसते. पानांवर आकडे न घातलेल्या पोथीची सुटी पानं वाऱ्याने विखुरावीत, तशी अवस्था. त्याच कॅमेऱ्याची एखादी धड फाइल समोर ठेवून ती पानं पुन्हा लावणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांना नेहमीच यश येतं असं नाही. म्हणून केबल आखूड हवी, क्लॅम्पने पक्की बसवलेली हवी, आणि डिस्क लोंबकळत न ठेवता कॅमेऱ्याच्या केजलाच, म्हणजे त्याच्याभोवतीच्या धातूच्या चौकटीलाच, बांधलेली हवी.

यंदाच्या सप्ताहाआधी मी डिस्क कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली आणि आदल्या संध्याकाळी अंगणातल्या पिंपळासमोर कॅमेरा लावला. कोऱ्या भिंतीचं चित्र सहज दाबलं जातं, सळसळणाऱ्या पानांचं नाही. डिस्क पार भरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवलं. तिने शेवटच्या जीबीपर्यंत दम टिकवला, तेव्हाच ती मांडवात नेली.