प्रेक्षकांचा हशा आणि जोडलेला हशा

‘यंग शेल्डन’ या विनोदी मालिकेतून पुढे निघालेल्या, सीबीएस या अमेरिकी वाहिनीवरील ‘जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज’ या मालिकेचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘यंग शेल्डन’ किती छान होती, हिच्यात मात्र रेकॉर्ड केलेला हशा टाकला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालिका सुरू झाल्यापासून मी हे ऐकत आहे. मालिका न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, परंतु तक्रारीतली माहिती चुकीची आहे. ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित होते आणि तिच्यातला हशा समोर बसलेल्या माणसांचा असतो.

कॅमेऱ्यांचा फरक बहुतेकांना ठाऊक आहे. ‘यंग शेल्डन’ किंवा एबीसी वाहिनीवरील ‘ॲबट एलिमेंटरी’ चित्रपटाप्रमाणे एकेक शॉट लावून चित्रित केल्या जातात, तर ‘जॉर्जी’सारख्या मालिकेत रंगमंचासारख्या सेटवर, प्रेक्षकांच्या बाजूने अनेक कॅमेरे एकाच वेळी चालू असतात. १९५१ साली सुरू झालेल्या ‘आय लव्ह लुसी’ने ही पद्धत रुळवली. याहून अधिक त्यात काही नाही.

खरा गोंधळ हशाचा आहे. जोडलेल्या हशाचे तंत्र १९५० च्या दशकात चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने विकसित केले. त्यांच्या यंत्राच्या कळा दाबल्या की खुदखुदण्यापासून सातमजली हसण्यापर्यंत हवे ते हसू काढता येत असे. चित्रीकरण संपल्यावर, नट घरी गेल्यावर, कोणीतरी संकलनाच्या वेळी ठरवत असे की प्रेक्षकाने कुठे हसायचे. युद्धभूमीवरच्या लष्करी रुग्णालयात घडणाऱ्या ‘मॅश’ या मालिकेत वाहिनीच्या आग्रहाने असा हशा घालावा लागला, पण शस्त्रक्रियागृहातील दृश्यांत तो नको यावर निर्माते ठाम राहिले, आणि ते योग्यच होते.

समोरच्या प्रेक्षकांचा हशा मात्र अभिनयाचाच भाग होतो, हे नाटक पाहणाऱ्या मराठी माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये. वाक्यावर हशा आला की नट थांबतो, तो ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकतो. घाई केली तर वाक्य हशात बुडते आणि उशीर केला तर प्रसंग गार पडतो. विनोदावर कोणी हसले नाही, तर लेखक तिथल्या तिथे वाक्य बदलून देतात आणि दृश्य पुन्हा चित्रित होते. म्हणजे प्रेक्षक केवळ दाद देत नाहीत, तर संहितेवरही त्यांचा परिणाम होतो. ध्वनिमिश्रणात या हशाची पातळी कमीअधिक केली जाते, एका टेकमधला हशा दुसऱ्या टेकला जोडला जातो, हे मला मान्य आहे. काही भागांत तो मला जास्तच मोठा वाटतो. पण मुळात असलेला हशा सांधणे आणि नसलेला हशा निर्माण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणूनच प्रेक्षकांसमोर चित्रित झालेल्या ‘द बिग बँग थिअरी’ या मालिकेच्या दृश्यांतून हशा काढून टाकणारे आणि ‘पाहा, यात विनोदच नाही’ असे दाखवणारे व्हिडिओ मला संताप आणतात. त्यांत दिसणारी अवघडलेली शांतता म्हणजे हशा ओसरेपर्यंत नटांनी धरलेला विराम आहे. तबल्याचा आवाज पुसून गायकाच्या समेची टिंगल करण्यासारखे ते आहे.

मधला एक प्रकारही आहे. ‘हाऊ आय मेट युअर मदर’मध्ये भराभर बदलणाऱ्या दृश्यांमुळे प्रेक्षकांसमोर चित्रीकरण शक्य नव्हते, म्हणून तयार भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचा हशा ध्वनिमुद्रित केला जाई. माणसे खरी, परंतु नटांना ती कधी ऐकू आली नाहीत. माझ्या मते ही मालिका जोडलेल्या हशाच्याच बाजूला बसते.

‘जॉर्जी’च्या भागांत ही देवाणघेवाण पाहायची असेल, तर मॅकॲलिस्टर कुटुंबाच्या, म्हणजे मँडीच्या माहेरच्या, घरातली दृश्ये पाहावीत. मँडीच्या आईची, ऑड्रीची भूमिका करणाऱ्या रेचल बे जोन्स यांना ब्रॉडवेवरील, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील, कामासाठी २०१७ साली टोनी पुरस्कार मिळाला आहे, आणि रंगभूमीची ती तालीम त्यांच्या विरामांत स्पष्ट दिसते: हशा चालू असताना त्या नुसत्या थांबत नाहीत, तर त्या क्षणी ऑड्रीच्या मनात काय चालले आहे ते चेहऱ्यावर पुढे नेत राहतात. मालिकेतली सर्वांत पक्की कामगिरी मी त्यांचीच मानतो.

तरीही माझी शिफारस एखाद्या हशाची नसून शांततेची आहे. मे २०२४ मध्ये ‘यंग शेल्डन’मध्ये शेल्डन आणि त्याचा मोठा भाऊ जॉर्जी यांच्या वडिलांच्या मृत्यूची बातमी दारात येते, तेव्हाची शांतता दिग्दर्शकाने रचलेली होती आणि ती उत्तम होती. तोच जॉर्जी नव्या मालिकेत वडिलांविषयी बोलू लागतो, तेव्हा क्षणापूर्वी हसणारी माणसे गप्प होतात, आणि जॉर्जीची भूमिका करणारा मॉन्टाना जॉर्डन आवाज आणखी खाली आणतो, कारण आता शेवटच्या रांगेपर्यंत त्याचे कुजबुजणेही पोहोचणार असते.