टर्बो लावताय? मग रिंगची गॅप आधी नीट समजून घ्या

पिस्टनभोवती बसून गॅस अडवणारी रिंग हातात घेतली की ती एका जागी कापलेली दिसते. ही फट, म्हणजेच गॅप, जितकी बारीक तितकं कॉम्प्रेशन भारी असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेल्या, म्हणजे जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या (बूस्ट) इंजिनात याच समजुतीपायी नवीन बांधलेलं काम वाया जातं.

रिंग तापली की लांब होते, एवढंच मूळ आहे सगळ्याचं. 86 मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, धरा. रिंग सरळ केली तर साधारण 270 मिमी भरेल. लोखंड, पोलाद दर अंशाला मीटरमागे 11-12 मायक्रॉन वाढतं, म्हणजे रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा 100 अंशांनी जास्त तापली तर फट जवळपास 0.3 मिमीने मिटते. भिंतीला मागून पाणी थंड करतं, रिंगची बरीचशी उष्णता मात्र त्या भिंतीतूनच बाहेर जाणार, म्हणून रिंग भिंतीपेक्षा गरमच राहते. आता बूस्टमध्ये प्रत्येक स्ट्रोकला हवा जास्त, इंधन जास्त, उष्णता जास्त, हाच फरक 150 अंशांवर गेला तर 0.46 मिमी लागतात आणि तुम्ही गॅप ठेवलीय 0.35! टोकाला टोक भिडतं, मग रिंगला वाढायला जागाच नाही, ती भिंतीवर दाबली जाते, घासून अजून तापते, तापून अजून वाढते, भिंतीवर ओरखडे उठतात आणि शेवटी रिंग अडकून पिस्टनचा वरचा काठच उपटून निघतो.

म्हणून साध्या इंजिनाला बोअर गुणिले 0.004 आणि बूस्टला 0.005 ते 0.006 असा ढोबळ हिशोब धरतात. 86 ला 0.34 च्या जागी 0.43 ते 0.52 मिमी. रिंगच्या बॉक्समधला तक्ता वेगळं सांगत असेल तर तोच धरा.

मग गॅस गळणार नाही का? थोडा गळेल, पण गळायची वाट म्हणजे ती फट आणि पिस्टन-भिंतीमधली किंचित जागा, 0.1 मिमी वाढवून त्यात पडणारा फरक अगदीच किरकोळ, शिवाय गरम झाल्यावर ती मिटतेच. आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की ज्वलनाच्या वेळी सील मुख्यतः रिंगच्या ताणाने होत नाही, गॅसच रिंगच्या मागे पिस्टनच्या खाचेत शिरून तिला भिंतीवर दाबतो. दुसऱ्या रिंगची गॅप बरेच जण वरचीपेक्षा थोडी मोठी ठेवतात, नाहीतर दोघींच्या मध्ये प्रेशर साठून वरची रिंग खाचेत उचलली जाते.

मापताना रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने ढकलून अगदी समतल बसवा, वाकडी असेल तर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चुकीचं माप देणार. गॅप वाढवायला कानस एकाच टोकाला, बाहेरून आत अशीच चालवा, उलटी चालवली तर कोटिंगचे टवके उडतात. बोअर 0.03 मिमी मोठा असला तर गॅप 0.09 ने वाढते, त्यामुळे ज्या सिलिंडरमध्ये मापली त्याच सिलिंडरला ती रिंग, आणि प्रत्येकीवर नंबर टाकून ठेवा.