सस्तन प्राण्यांचे गण : सातारा-सांगली परिसरातील ओळख

सस्तन प्राणी म्हणजे अंगावर केस असलेले आणि पिलांना दूध पाजणारे पृष्ठवंशी प्राणी. हाडांवरून पाहायचे तर खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते आणि मध्यकर्णात तीन हाडे असतात. पिलू कसे जन्मते यावरून त्यांचे तीन मोठे गट पडतात. प्लॅटिपस आणि एकिडना अंडी घालतात. ते फक्त ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीत आहेत. कांगारू, ओपॉसम हे शिशुधानी प्राणी अर्धवट वाढलेल्या पिलाला जन्म देतात आणि ते सडाला चिकटून पुढे वाढते. बाकीचे अपरास्तनी, म्हणजे गर्भाला दीर्घकाळ वारेतून (गर्भाला आईच्या गर्भाशयाशी जोडणाऱ्या अवयवातून) पोसणारे. भारतातले सगळे मूळचे सस्तन प्राणी या तिसऱ्या गटातले. त्यामुळे कोयना, चांदोली किंवा माण-जतच्या माळावर प्राणी ओळखताना उपयोगी पडतात ते या गटातले गण, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्राण्यांचे पोटगट. गण ठरतो दात, पाय आणि पोट पाहून. नुसत्या अंगकाठीवर गेले की हमखास चूक होते.

समखुरी (पायाला सम संख्येने खूर असलेले) : गाय, म्हैस, शेळी, मेंढी, गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर. यातल्या रवंथ करणाऱ्यांना वरच्या जबड्यात पटाशीचे दात नसतात, तिथे कडक गादी असते. खाली आठ दात. खिल्लार बैलाचे वय याच आठ दातांवर काढतात : दुधाचे दात असेपर्यंत आदत, दोन वर्षांच्या आसपास पहिली कायमची जोडी आली की दुसा, पुढे चौसा, आणि चार-साडेचार वर्षांत दात जुळतात. रानडुक्कर समखुरीच, पण त्याला वरही पटाशीचे दात असतात आणि ते रवंथ करत नाही. गवा, चौसिंगा, काळवीट यांची शिंगे हाडाच्या गाभ्यावर चढलेल्या टोपणासारखी आणि आयुष्यभराची. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे भरीव हाडाची, फक्त नराला येणारी आणि गळून पुन्हा फुटणारी. सागरेश्वर अभयारण्यात हा फरक नीट पाहता येतो.

गणागणांतला फरक गोठ्यात फार महत्त्वाचा ठरतो. गाईची वार गर्भाशयाला अनेक गाठींवर जोडलेली असते, म्हणून ती अडकण्याचे प्रमाण जास्त. व्याल्यावर बारा तासांत पडली नाही तर पशुवैद्याला बोलवावे. ओढून काढल्यास गर्भाशयाला इजा होते आणि पू होतो. घोडी विषमखुरी (विषम संख्येने खूर असलेल्या) गणातली; तिची वार तीन तासांत पडलीच पाहिजे, एरवी जिवावर बेतते. शिवाय गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये वासरापर्यंत पोचत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात आणि चोवीस तासांत आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता संपते. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर चीक जायला हवा, त्यातला पहिला हप्ता दोन तासांच्या आत. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची जुनी सवय म्हणूनच घातक आहे.

मांसाहारी : मांस कातरणाऱ्या दाढांची जोडी ही यांची खूण. बिबट्याला ३० दात, कुत्रा-लांडगा-कोल्ह्याला ४२. बिबट्या चालताना नखे आत ओढतो, त्यामुळे ठशात नखे दिसत नाहीत आणि तळव्याची मागची कड तीन भागांची उमटते. कुत्र्याच्या ठशात नखे दिसतात. चिखलात घसरताना बिबट्याचीही नखे उमटतात, तेव्हा एका ठशावर निकाल देऊ नये. सलग चार-पाच ठसे पाहावेत. तरस दिसायला कुत्र्यासारखे, पण नाते मांजर-मुंगसाच्या शाखेशी.

गळीत हंगामात कराड, वाळवा, शिराळा भागांत उसाच्या फडात पिले सापडली की ती बिबट्याचीच असे धरले जाते. पुष्कळदा ती रानमांजराची असतात : भुरी, पायांवर अस्पष्ट पट्टे. वाघाटी या लहान जंगली मांजराच्या पिलांवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. बिबट्याच्या बछड्याच्या अंगभर दाट काळे ठिपके, पंजे जाड. कोणतीही असोत, तोडणी तिथे थांबवावी, पिलांना हात लावू नये, गर्दी हटवावी आणि वनविभागाला १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. जागा न हलवल्यास बिबट्याची मादी सहसा रात्री पिले उचलून नेते. घरी नेऊन गाईचे दूध पाजले तर पिलांना हगवण लागते, आणि इकडे मादी बिथरून शिवारात फिरत राहते.

कृंतक आणि त्यांच्यासारखे दिसणारे : उंदीर, घूस, खार, शेकरू, साळिंदर हे कृंतक. वर-खाली पटाशीची एकेक जोडी, सुळे नाहीत, मध्ये मोकळी जागा. दाताला पुढूनच कठीण थर असल्याने मागची बाजू झिजते आणि धार कायम राहते. दात जन्मभर वाढतात; वरखालचे जुळले नाहीत तर वळून तोंडात घुसतात आणि जनावर उपाशी मरते. सशाला वरच्या दातांमागे आणखी एक बारीक जोडी असते, म्हणून त्याचा गण वेगळा.

चिचुंद्रीला उंदीर समजून मारतात, हे थांबायला हवे. तिच्या लांब तोंडात टोकदार दातांची सलग रांग असते. झुरळे आणि किडे हे तिचे मुख्य अन्न. जनुकीय अभ्यासानुसार ती उंदरापेक्षा वटवाघूळ आणि गाईला जवळची आहे. उंदीर आणि ससा मात्र माकडांच्या, म्हणजे आपल्या बाजूचे.

वटवाघळे : लांबलेल्या बोटांमधल्या कातडीचा पंख. वडावर लटकणारी मोठी वटवाघळे फळे खातात आणि डोळ्यांवर व वासावर चालतात. किल्ल्यांच्या कपारीतली लहान वटवाघळे प्रतिध्वनीवर किडे टिपतात. बहुतेक जातींत मादीला एका वेळी एकच पिलू होते, त्यामुळे धूर करून उठवलेली वसाहत भरून यायला वर्षे लागतात.

नरवानर गणातला वानर पाने पचवणाऱ्या कप्प्यांच्या पोटाचा, तर माकडाला गालात पिशव्या. खवले मांजराला दातच नाहीत. लांब चिकट जिभेने ते मुंग्या-वाळवी खाते. त्याचे खवले नखांच्याच द्रव्याचे, त्यांत औषधी असे काही नाही, आणि त्याच्या सर्वांत जवळचे नातलग म्हणजे मांसाहारी गण.